माणूस रंगीत असेपर्यंत

आमच्या भागात माणूस जिवंत असेपर्यंत रंगीत असतो. वाढदिवसाच्या बॅनरवर तो गॉगल लावून, गळ्यात साखळी घालून, पाठीमागे कधी न पाहिलेला धबधबा घेऊन उभा राहतो. मेला की त्याच नाक्यावर, त्याच बांबूंवर तो काळा-पांढरा होतो. यात कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. रिक्षातून जाणारा माणूस बॅनरवरची अक्षरं वाचतच नाही. रंग बघतो आणि ‘अरेरे’ म्हणायचं की ‘झाला का यांचा परत वाढदिवस’ म्हणायचं, ते ठरवतो.

मी जुईनगरला इतकी वर्षं राहते, हे बॅनर रोज बघते, आणि तरीही जे झालं ते माझ्याच फोटोमुळे झालं. याला कारण माझा क्लास.

न्हावा शेवा बंदरातल्या एका क्लिअरिंग एजंटाकडे मी कंटेनरांची कागदपत्रं बघायचे. तिथून स्वेच्छेने निवृत्त झाले. ‘स्वेच्छेने’ हा शब्द ऑफिसचा, माझा नाही. मी घरी बसून सगळ्यांवर खेकसायला लागले तेव्हा मुलीने मला कॅमेरा घेऊन दिला आणि फोटोग्राफीच्या क्लासला घातलं, लहानपणी मी तिला पोहायला घातलं होतं तसंच, न विचारता. क्लासचे सर मुलीच्याच वयाचे. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, रंग म्हणजे गोंगाट. माणूस बघायचा असेल तर रंग काढून टाका. मला ते एकदम पटलं. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “मग हॉलला पिस्ता कलर कशाला लावायला लावलास?”

फोटो काढणं हे निम्मंच काम आहे, हेही मला क्लासमध्येच कळलं. उरलेलं निम्मं लॅपटॉपवर होतं. सावल्या जरा गडद केल्या की माणूस विचार करायला लागतो. आणखी गडद केल्या की त्याला दुःख होतं. डोळ्यांत उजेडाचा ठिपका ठेवून बाकी सगळं काळं करा, समोरच्याने आयुष्यात बरंच काही सोसलेलं असतं. उलट सगळीकडे उजेड पसरवला की तोच माणूस बँकेत खातं उघडायला आल्यासारखा दिसतो. मी पहिला प्रयोग नवऱ्यावर केला. सोफ्यावर बसलेला, खिडकीकडे बघणारा, सगळं हरवून बसलेला एक पुरुष. सरांनी तो फोटो वर्गात दाखवला आणि या गृहस्थांच्या नजरेतली पोकळी बघा म्हणाले. त्या दिवशी आमच्याकडे टीव्हीचा रिमोट सापडत नव्हता. तो माझ्याच मांडीखाली निघाला, हे नवरा अजून पाहुण्यांना सांगतो.

त्यानंतर मला खरा चेहरा हवा होता. आमच्या सोसायटीत खरे चेहरे नाहीत, सगळे फेशियल केलेले आहेत. म्हणून मी गावात गेले, आमच्या जुन्या घरमालकांकडे.

गाव म्हणजे सेक्टरांच्या आधीपासूनचं मूळ गाव. कधीकाळी शेती आणि मिठागरं, आता एकाला एक चिकटलेले चार-चार मजले. लग्न करून साताऱ्याकडून इथे आलो तेव्हा फ्लॅट घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून आम्ही या घरमालकांच्या पहिल्या मजल्यावर भाड्याने राहिलो. पहिल्याच दिवशी त्यांनी मला “तू काय करतंस?” असं विचारलं आणि माझं डोकं फिरलं. पुढे कळलं की त्यांच्या बोलीत सगळ्यांनाच ‘तू’ असतं. देवाला, वकिलाला आणि भाडेकरणीलासुद्धा. मग मात्र कुणी ‘तुम्ही’ म्हटलं की मलाच परकं वाटायला लागलं. आम्ही सोसायटीत राहायला गेलो तरी येणं-जाणं तुटलं नाही. भांडून सोडलेलं घर नव्हतं ते.

भांडण त्यांच्यात होतं. घरमालक आणि त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, दोघांची घरं शेजारी, अंगण एकच, आणि त्या अंगणाच्या मधोमध छातीएवढी भिंत. ही भिंत जमिनीवरून झाली नाही. जमिनीच्या वाटण्या दोघांनी हसतखेळत केल्या. भिंत झाली बॅनरवरून. घरमालकांच्या मुलाच्या हळदीला नाक्यावर भला मोठा बॅनर लागला. मध्यभागी नवरा मुलगा, दोन्ही बाजूंना पुढारी, आणि तळाला शुभेच्छुकांच्या रांगेत, पोस्टाच्या तिकिटाएवढा, सख्खा काका. बॅनरवाल्याला जागा पुरली नव्हती. काका हळदीला फिरकला नाही. सकाळी बघतात तर बॅनरला त्याच्या चेहऱ्याच्या जागी चौकोनी भोक. आपला फोटो तो कापून घेऊन गेला होता. मग घरमालकांनी भरल्या मांडवात सगळ्यांना ऐकवलं, “मी मेलो तरी त्यानं मना खांदा द्यायचा नाय. शपथ हाय.”

त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. दोन्ही घरच्या बायका भिंतीवरून कालवणाच्या वाट्या देत-घेत राहिल्या, पण ते पुरुषांनी बघायचं नाही असं ठरलेलं होतं. मधे घरमालकांच्या छातीत कळ आली, हृदयात नळी टाकावी लागली, तेव्हापासून काकूंचा, म्हणजे घरमालकीणबाईंचा, धीर सुटला होता. मी कधीही गेले की त्या आधी चहा ठेवत आणि मग तेच बोलत. “बाय, ह्यांचं काय बरंवाईट झालं तं सख्खा भाव भिंतीपलीकडं उभा राहील. खांद्याबिगर. मी वर जाऊन सासूला काय तोंड दाखवू?” मी चहा प्यायचे.

फोटोच्या दिवशी घरमालक अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. उन्हं आडवी होती, म्हणजे सरांच्या भाषेत सोनं. आत सून वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्या भाजत होती. तो ठसका बाहेर येऊन सगळ्यांचे डोळे गळत होते, माझेही. “नैसर्गिक राहा,” असं मी घरमालकांना सांगितलं. त्यांना नैसर्गिक राहायला कुणी सांगावं लागत नाही. त्यांनी लगेच गोष्ट सुरू केली, मोजणीच्या साहेबाची. ती मी भाडेकरू असताना किती वेळा ऐकलीय. हे दोघे भाऊ पोरसवदा असताना शहरातून एक साहेब जमीन मोजायला आला आणि मिठागराच्या चिखलात कमरेपर्यंत रुतला. दोघांनी त्याला दोन हातांना धरून ओढलं. साहेब निघाला, बूट राहिला. “तो बूट अजून थंयच हाय,” घरमालक म्हणाले, “वर स्टेशन बांधलंय.” आणि खुर्चीसकट हलत हसायला लागले. मी फोटो काढत राहिले.

घरी येऊन लॅपटॉप उघडला. हसण्याचे फोटो पुष्कळ होते. ते मी बाजूला ठेवले, कारण हसणारा माणूस काळ्या-पांढऱ्यात दातांच्या जाहिरातीसारखा दिसतो. मला पाहिजे होता तो क्षण दोन हसण्यांच्या मधे सापडला. श्वास घ्यायला थांबलेले, डोळे मिरचीने भरलेले, नजर खाली. रंग काढले. सुरकुत्या वर आणल्या. पांढरी दाढी उजळली, सदरा काळवंडला. पाठीमागे भिंत होती आणि भिंतीवर काहीतरी फिकट, गोल, धूसर दिसत होतं. उपडं घातलेलं पातेलं असेल म्हणून मी नीट पाहिलंसुद्धा नाही. चेहऱ्याशी भांडणारं जे जे असेल ते अंधारात घाला, असं सरांनी सांगितलेलंच होतं. घातलं. आता त्या फोटोत संपूर्ण काळोख होता आणि त्यात एकटा म्हातारा. बघून मलाच त्यांची दया आली. मिरची भाजताना मी तिथेच होते, तरीही.

क्लासमध्ये तो फोटो पडद्यावर आला. सर म्हणाले, “ह्या माणसानं काय गमावलंय हे विचारावंसं वाटतं.” खरं तर त्या माणसाने त्या दिवशी काहीच गमावलं नव्हतं. गमावला होता तो साहेबाने, बूट. पण कौतुक होत असताना आपण कशाला तोंड उघडा. मी तोच फोटो घरमालकांच्या सुनेला पाठवून दिला.

सुनेला तो फार आवडला. दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी, ऐरोलीच्या कंपनीत जायला निघताना, तिने तो आपल्या स्टेटसला लावला. खाली मजकूर काही नाही. मजकुराची गरजच नव्हती. मग ती कामावर गेली. तिथे फोन लॉकरमध्ये ठेवावे लागतात.

घरमालक त्याआधीच जेट्टीवर मासळी घ्यायला गेले होते. ते फोन घरीच ठेवून जातात, कारण आधीचे दोन्ही फोन तिथेच पाण्यात पडले. मुलगा कामानिमित्त बाहेरगावी गेलेला. घरी काकू एकट्या. त्यांनी चहा गाळला आणि कोपऱ्यावरून बायकांच्या रडण्याचा आवाज आला. त्यांची नणंद दिघ्याहून आली होती, पाठोपाठ उरणकडची माणसं. इथल्या बायका मयताच्या घरी येताना गल्लीच्या तोंडापासूनच रडत येतात, गेलेल्याचे गुण सांगत. काकूंनी स्वतःच्या नवऱ्याचे गुण ऐकले. नवरा पहाटेपासून बाहेर, छातीचा पेशंट, आणि समोर हे. त्यांनी कुणाला काही विचारलंच नाही. मटकन खाली बसल्या. त्या बसल्या म्हणजे बातमी खरी, असं येणाऱ्यांनी धरलं. इतके लोक रडताहेत म्हणजे बातमी खरी, असं काकूंनी धरलं.

मला ही बातमी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरून कळली. नवऱ्याने फोन पुढे केला. वर माझा फोटो, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. खोटं कशाला सांगू, मला पहिल्यांदा राग आला तो फोटो दोन्ही बाजूंनी कापला होता म्हणून. मग खालचं वाचलं. घरमालक गेले. मी त्यांचा शेवटचा फोटो काढला होता. नवरा म्हणाला, “चल.” आम्ही घरातल्या कपड्यांवरच निघालो.

नाक्यावर दोन माणसं शिडीवर चढून बॅनर बांधत होती. खाली धाकटा भाऊ उभा होता. त्याचे ट्रेलर न्हावा शेव्याच्या यार्डात चालतात, तो तिथेच होता तेव्हा स्टेटस पाहिला. बायकोला फोन लावला तर ती रडत होती. निघाला, गावाच्या वळणापर्यंत आला आणि घरी जायचा धीर होईना, म्हणून बॅनरवाल्याच्या दुकानात जाऊन बसला. हे सगळं त्याने आम्हाला विचारल्याशिवायच सांगितलं. त्याला कुणाशी तरी बोलायचं होतं आणि समोर आम्ही होतो.

मी वर पाहिलं. पूर्ण बॅनरभर एकच चेहरा होता. पुढारी नाहीत, शुभेच्छुक नाहीत, मंडळ नाही. नुसते घरमालक, माझ्या त्या काळोखात, रस्त्यापलीकडून दिसतील एवढे मोठे. खाली एकच ओळ: ‘शोकाकुल – तुझा धाकटा’. मी काढलेले फोटो आजवर क्लासच्या भिंतीवर पाहिले होते, पण असं रडू कधी आलं नव्हतं. नवरा रुमाल शोधत होता, तो नेहमीप्रमाणे त्याच्याकडे नव्हता.

तेवढ्यात रिक्षा थांबली आणि घरमालक उतरले. खांद्यावर मासळीची पिशवी, तिच्यातून पाणी गळत होतं. त्यांनी आधी गर्दी पाहिली, मग गर्दी बघत होती तिकडे वर पाहिलं. शिडीवरचा माणूस तिथेच थांबला, हातात सुतळी. घरमालक डोळ्यांवर हात धरून सावकाश सगळं बघत राहिले, पाहुणे नवीन घराचा हॉल बघतात तसे. शेवटची ओळ त्यांनी ओठ हलवत वाचली. मग धाकट्याकडे वळले. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा.

“माजा एकल्याचाच लावलास?” ते म्हणाले. “तुजा कुठं हाय?”

धाकट्याचं तोंड उघडंच होतं. तो म्हणाला, “माजा कशाला? मी काय मेलोय?”

“मग मी तरी कुठं मेलोय?”

धाकटा हमसून हमसून रडायला लागला, चारचौघांत, डोळे न पुसता. घरमालकांनी ते बघितलं. मग खांद्यावरची गळणारी पिशवी काढली आणि त्याच्या खांद्यावर ठेवली.

“धर,” ते म्हणाले. “आज एवडाच खांदा दे.”

धाकट्याने नाक ओढलं. “काय म्हावरा आनलास?”

“निवट्या. तुज्या घरी पन पाठव.”

दोघं गल्लीत शिरले. पुढे मेलेला, मागे पिशवीवाला. घरी काय झालं ते मी सांगत नाही, कारण तिथे सगळेच एकदम बोलत होते. काकूंनी नवऱ्याला आधी मिठी मारली आणि मग जन्माचं सुनावलं. दिघ्याची नणंद चिडली होती. तिने रजा टाकली होती. जमलेल्या सगळ्यांना जेवायला घालावं लागलं, आणि निवट्या काही पुरल्या नाहीत.

जेवणं झाल्यावर घरमालकांनी मला बोलावलं. “बाय, तो फोटो दाखव. खरा. रंगाचा.” मी घरी जाऊन लॅपटॉप घेऊन आले. मूळ फोटो उघडला. निळा सदरा, लाल खुर्ची, मिरचीने लालबुंद झालेले डोळे. बघणाऱ्याला कुणालाही कळलं असतं की हा माणूस आत्ता परत हसणार आहे. घरमालकांनी स्वतःकडे बघितलंच नाही. बोट मागच्या भिंतीवर ठेवलं. “ह्यो कोन?”

“पातेलं आहे ना ते?” मी म्हणाले.

पुढचा फोटो मी फोकस चुकला म्हणून टाकाऊत काढला होता. तो उघडला. त्यात घरमालक धूसर होते आणि भिंत स्पष्ट. भिंतीवर हनुवटी टेकवून पलीकडून धाकटा बघत होता. तोंड पूर्ण उघडं, डोळे मिटलेले, बुटाच्या गोष्टीला हसत होता. आवाज न करता हसत असणार, नाहीतर आम्हाला ऐकू आला असता. कोण जाणे किती वर्षं तो त्या भिंतीपलीकडून अशाच गोष्टी ऐकत आला होता.

घरमालक लॅपटॉपवर वाकले. मग मला म्हणाले, “ह्याला अंधारात कशाला घातलास?”

चेहऱ्याशी भांडत होता, असं उत्तर माझ्याकडे तयार होतं. त्या घरात ते मला देता आलं नाही.

तो चुकलेला फोटो आता त्यांच्या हॉलमध्ये आहे, रंगीत, मोठा, फ्रेम करून. येणारा प्रत्येक जण विचारतो की पुढचा माणूस इतका पुसट का. घरमालक म्हणतात, मेलो होतो. बॅनर टाकून दिला नाही. फ्लेक्स चांगल्या प्रतीचा आहे, गच्चीवर सुकत घातलेल्या बोंबलांवर झाकायला उपयोगी पडतो. भिंत आहे तिथेच आहे, फक्त तिच्यावर आता दोघं चहाचे कप ठेवतात.

मग एका दुपारी धाकटा आमच्या सोसायटीत आला. वॉचमनने वर फोन केला, “मॅडम, वो बॅनरवाले अंकल आये है.” तो सोफ्याच्या कडेला बसला, पिस्ता भिंतीकडे बघत. नवऱ्याने त्याला पाणी दिलं.

“तो काला-पांढरा हाय ना तुज्याकडं,” तो म्हणाला, “तो पुसू नको. लागंल कवातरी. दादूसला आता दुसऱ्यांदा नळी टाकायची हाय, डाक्टर बोलला. लागला तं मना दे. बॅनर मीच लावनार, दुसऱ्या कोनी नाय.”

मी हो म्हटलं. तो उठला, दारापर्यंत गेला, चप्पल घातली आणि परत वळला.

“पन त्यात मना मागं ठेव,” तो म्हणाला. “हसताना. तेवडा उजेड कर.”

त्याच संध्याकाळी मी फाईल उघडली आणि भिंतीकडची सावली थोडी थोडी वर ओढत गेले. आधी भिंत आली, मग हनुवटी, मग ते उघडं तोंड. चेहरा धूसरच राहिला, पण हसतोय एवढं कळतं. फोटो आता दुःखी दिसत नाही. सरांना दाखवला तर ते म्हणाले, मागचा माणूस फार लक्ष खेचतोय, त्याने मूड गेला. मी म्हटलं, जाऊ दे. तो फोटो मी अजून कुणालाही पाठवलेला नाही, आणि पाठवायची वेळ शक्य तितकी उशिरा यावी म्हणून काकूंबरोबर गावदेवीला नारळही ठेवून आले.